गुडघेदुखी: व्यायाम सगळे पाठ आहेत, पण मन धजत नाही

शनिवारपेठ_६३ | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची, वय ६३, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, पाच वर्षांपूर्वी रिटायर झाले. आमच्याकडे सकाळी उठून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागायचं हे दूध तापवण्याइतकं ठरलेलं. मी आणि माझ्या चार मैत्रिणी, १८ वर्षं, मुसळधार पाऊस सोडला तर रोज. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला, मागोमाग डावा. एक्सरे काढला, ग्रेड ३ लिहून आलं. डॉक्टर माणूस चांगला, पण बाहेर ही गर्दी, मला जेमतेम दोन मिनिटं मिळाली, त्यात ते म्हणाले, "बाई, वंगण संपलंय, हाडाला हाड घासतंय, आता जपून वापरा."

तेव्हापासून मी जपूनच वापरतेय. लहानपणी आमच्या घरी महिनाअखेरीला स्टोव्हचं रॉकेल आई पुरवून पुरवून वापरायची ना, तसे मी गुडघे पुरवून वापरतेय. जिना नको, मंडईत नको, कुणाच्या हळदीकुंकवाला नको कारण तिथं खाली बसायला लावतात. वजन ७ किलो वाढलं. फ्रिजवर व्यायामाचे तीन कागद लावलेत, दोन फिजिओंनी दिलेले आणि एक मी यूट्यूब बघून उतरवून घेतलेला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, पाय सरळ ठेवून उचलायचा, खुर्चीतून उठबस, सगळं पाठ आहे, वर्गाला शिकवू शकेन. पण करत नाही. चार दिवस करते, पाचव्या दिवशी कळ आली की छातीत धस्स होतं, वाटतं उरलंसुरलं होतं तेही आज आपल्या हातानं घालवलं, आणि पुढचे पंधरा दिवस बंद.

या नवरात्रात किल्ल्यावर मंगळाईला गेले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मैत्रिणी म्हणत होत्या आपण गाडी करू, वरपर्यंत रस्ता आहेच, मीच नको म्हटलं. गाडीतून उतरून देवळापर्यंत लंगडत जाताना ओळखीचे सगळे बघणार, हे नको वाटलं. त्या दुपारी खूप रडले.

तर कृपा करून व्यायाम कोणते करू ते सांगू नका. ते करायला मनाला कसं तयार करायचं, हे कुणी केलं असेल तर सांगा.

---

कृष्णाकाठची | १४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, तुमच्या पोस्टमधलं रॉकेलचं वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं. मी सांगलीची, ५८. हरिपूरच्या रस्त्यानं संगमेश्वराला चालत जायचे दर सोमवारी, दीड वर्ष झालं बंद आहे. आमच्या घरात कुणाला सांगितलं तर म्हणतात वयानं होणारच. मीही वाचतेय, कुणी काही सांगितलं तर मलाही हवंय.

---

रोखठोक_कराड | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

मॅडम स्पष्ट बोलतो राग मानू नका. ग्रेड ३ आहे ना मग सरळ ऑपरेशनचं बघा. माझ्या मेहुण्यानं दोन्ही गुडघे बदलले, आता मस्त फिरतोय. गुडघा झिजलाय तो झिजलाय, त्यात मनाचा काय संबंध?

---

फिजिओ_विश्रामबाग | १५ ऑक्टोबर, दुपारी २.३०

बाई, मी सांगलीत विश्रामबागला प्रॅक्टिस करते, १४ वर्षं झाली. तुम्ही व्यायाम सांगू नका म्हटलंय, नाही सांगणार. पण "वंगण संपलंय" या दोन शब्दांबद्दल मला बोलायचंच आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ बायका हेच वाक्य घेऊन येतात आणि माझा निम्मा वेळ ते वाक्य काढण्यात जातो.

गुडघा म्हणजे गाडीचा टायर नाही की जितका चालवाल तितका झिजत जाणार. हाडाच्या टोकाला जी गुळगुळीत कूर्चा असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला खायला मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते आत जातं कसं, तर स्पंजसारखं. भार आला की दाबली जाते, भार गेला की पाणी शोषते. म्हणजे तुम्ही चाललात, उठलात, बसलात की तिला जेवण मिळतं. तुम्ही गेली दोन वर्षं जपायचं म्हणून जे केलंत त्यात तिचं जेवण कमी झालं, आणि मांडीचा पुढचा स्नायू, जो प्रत्येक पावलाचा धक्का झेलतो, तोही सुकला. आता तोच धक्का थेट सांध्याला बसतो म्हणून जास्त दुखतं. यात तुमची चूक काही नाही, तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही मन लावून पाळलंत.

दुसरं, एक्सरेचा ग्रेड. ही ० ते ४ ची मोजणी १९५७ सालापासूनची आहे, केलग्रेन आणि लॉरेन्स यांची. ती हाडाचा फोटो सांगते, दुखणं सांगत नाही. ग्रेड ४ असून शेतात जाणारे पेशंट मी बघितलेत आणि ग्रेड २ असून घराबाहेर न पडणारेही. गुडघ्यातून येणारा कटकट आवाज हा सुद्धा झिजण्याचा आवाज नव्हे, दुखत नसेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

आणि ती कळ. आम्ही पेशंटला एक माप शिकवतो. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होत नाही. व्यायाम करताना ५ पर्यंत दुखलं तरी चालतं, अट एवढीच की २४ तासांत दुखणं पुन्हा नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं तर तुम्ही काहीही मोडलेलं नाही. नाही आलं तर पुढच्या वेळी थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं. हे माप मी मनानं काढलेलं नाही, डेन्मार्कमध्ये २०१३ साली ग्लॅड नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात हेच शिकवतात. दोन वेळा नुसतं बसवून समजावून सांगतात आणि मग सहा आठवड्यांत १२ वेळा गटानं व्यायाम. आधी समजावणं ठेवलंय ते उगीच नाही. माणसाला कळ म्हणजे नुकसान असं वाटत असेल तर जगातला कुठलाही कागद फ्रिजवरच राहणार.

रोखठोक दादा, ऑपरेशन वाईट नाही, योग्य वेळी योग्य माणसाला ते फार चांगलं. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून हेच व्यायाम करावे लागतात, आणि जो घाबरून पाय वाकवत नाही त्याचा नवीन गुडघाही आखडतो. तुमच्या मेहुण्यांना विचारा पहिला महिना कसा काढला.

फक्त एक लक्षात ठेवा सगळ्यांनी. गुडघा अचानक लाल गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, गुडघा अडकून बसला, पोटरी दुखून सुजली, यात घरगुती धाडस नको, डॉक्टरच.

---

शनिवारपेठ_६३ | १५ ऑक्टोबर, रात्री ८.५०

फिजिओ मॅडम, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला, एकदा मोठ्यानं मिस्टरांना वाचून दाखवला. दोन वर्षांत मला कुणी "नुकसान नाही" असं म्हटलंच नव्हतं हो. स्पंजचं एकदम पटलं.

पण खरं सांगू का, डोक्याला पटलंय, पायाला अजून पटलेलं नाही. आज संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले, आमचा जुना दगडी जिना आहे १४ पायऱ्यांचा, माळवदावरची तुळस वर आहे, हल्ली मिस्टरच पाणी घालतात. सगळं आठवत होतं, तरी पाय उचलेना.

---

मनाचंही_बोला | १५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

शनिवारपेठ मॅडम, तुम्ही शेवटी जे लिहिलंत, डोक्याला पटलं पण पायाला नाही, तिथंच माझं काम सुरू होतं. मी साताऱ्यातच समुपदेशक आहे, जुनं दुखणं असलेल्या लोकांबरोबर बरंच काम केलंय.

आधी रोखठोक यांच्या प्रश्नाबद्दल, मनाचा काय संबंध. मनाचा संबंध आहे म्हणजे दुखणं खोटं आहे असं नाही, हे आधी ठासून सांगते, कारण "तुझं मनाचं आहे" हे वाक्य ऐकून माणसं आतून तुटतात. दुखणं शंभर टक्के खरं. पण ते किती मोठ्यानं ऐकू येणार हे मेंदू ठरवतो, आणि भीती, जागरण, एकटेपणा यांनी आवाज वाढतो. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ज्या शिफारशी काढल्या त्यात व्यायाम आणि वजन कमी करणं यांच्या बरोबरीनं आत्मविश्वास वाढवणाऱ्या कार्यक्रमांची ठाम शिफारस आहे, आणि विचार-वर्तन थेरपीचाही उल्लेख आहे. म्हणजे सांध्यांचे डॉक्टर लोकही आता हे म्हणतायत.

तुमचं जे होतंय त्याचं चक्र असं असतं: कळ येते, मनात येतं की आता सगळं गेलं, भीती बसते, हालचाल टाळली जाते, टाळल्यानं स्नायू सुकतात आणि मन खचतं, आणि पुढच्या वेळी कमी हालचालीलाही जास्त कळ. व्लायेन आणि लिंटन या दोघांनी २००० साली हे मॉडेल नीट मांडलं, कंबरदुखीपासून गुडघ्यापर्यंत सगळीकडे ते लागू पडतं. हे चक्र नुसतं समजून तुटत नाही. भीती जाते ती ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून, आणि काही वाईट घडलं नाही हे स्वतःच्या अंगानं अनुभवून. म्हणून तुमचा पाय म्हणतोय मला पुरावा दे, बरोबरच म्हणतोय.

पुरावा कसा द्यायचा. जिना १४ पायऱ्यांचा आहे ना, तर उद्या कठडा धरून दोनच पायऱ्या चढा आणि उतरा. चढण्याआधी एका वहीत लिहा, मला काय होईल असं वाटतंय आणि दुखणं १० पैकी किती होईल. उतरल्यावर लिहा खरंच किती झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लिहा. तुम्ही शिक्षिका आहात, वही तुमच्या हातची आहे. आठवडाभर लिहा आणि मग दोन्ही रकाने शेजारी शेजारी वाचा.

चालण्याचंही तसंच. तीन दिवस बघा किती मिनिटं आरामात जमतं, त्याची सरासरी काढा आणि त्यापेक्षा थोडं कमी धरून सुरू करा. इथून पुढे घड्याळ ठरवणार, गुडघा नाही. आज बरं वाटतंय म्हणून दुप्पट चालायचं नाही आणि आज ठणकतंय म्हणून शून्यावर यायचं नाही. आपल्याकडे बायका हे हमखास करतात, दिवाळीची साफसफाई आली की तीन दिवस घर घासून काढणार आणि मग चार दिवस अंथरुणात. त्या चार दिवसांत मेंदू शिकतो की हललं की शिक्षा मिळते. यंदाची दिवाळी पंधरा दिवसांवर आहे, आत्ताच सांगून ठेवते, एका दिवशी एकच खोली.

आणि "रोज व्यायाम करेन" असं ठरवू नका, ते हवेत राहतं. एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा. सकाळचा चहाचा कप विसळून पालथा घातला की तिथंच ओट्याजवळच्या खुर्चीवर उठबस. अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच ठरवलेलं असलं की मनाला दर वेळी नव्यानं तयार करावं लागत नाही, यावर भरपूर संशोधन झालंय.

आत्मविश्वास कुठून येतो यावर बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचं १९७७ पासूनचं काम आहे. स्वतःला जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं बघणं, ज्याच्यावर विश्वास आहे त्यानं दिलेला धीर, आणि शरीर जे सांगतंय त्याचा नीट अर्थ लावणं. शेवटचं फिजिओ मॅडमनी केलं. दुसरं आणि तिसरं तुमच्या चार मैत्रिणी करू शकतात, पण त्यांना तुम्ही गाठू देत नाही आहात. मंगळाईच्या दिवशी तुम्ही नको म्हणालात त्याच्या मुळाशी गुडघा नव्हता, लोक बघतील हे होतं. त्याबद्दल एकीशी तरी बोला. चौघींशी नको, एकीशीच.

---

द्राक्षबाग_तासगाव | १६ ऑक्टोबर, पहाटे ५.१०

मॅडम, आमी शेतकरी मानसं, आमचं जरा येगळं हाय. वय ५६. सध्या बागंची ऑक्टोबर छाटणी चालू हाय, दिवसभर उभं राहून हात वर करून काम, संध्याकाळी गुडघं असं ठणकत्यात की जेवान जात न्हाई. फिजिओकडं गेलो तर म्हणत्यात व्यायाम करा. मी म्हटलं ह्यो काय खेळ लावलाय, दिवसभर राबतोय त्यो व्यायाम न्हवं का? पण वरचं वाचून जरा इचार कराय लागलोय. मला भ्या वाटतं ते चालायचं न्हाई वाटत, भ्या वाटतं की बाग कोण बघणार. पोरगा पुण्याला हाय. रात्री झोपताना त्योच इचार, आन त्यो इचार आला की गुडघा जास्तच दुखतोय. हे खरंच आसं आसतं का?

---

फिजिओ_विश्रामबाग | १६ ऑक्टोबर, दुपारी १.४५

द्राक्षबाग दादा, असतं. काळजीनं झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच काम जास्त दुखवतं, यात काही नवल नाही.

राबणं आणि व्यायाम यात फरक आहे. तासन् तास एकाच जागी उभं राहिल्यानं स्नायू थकतो, पण बळकट होत नाही. छाटणीत दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं बांधावर बसून पाय सरळ करून दहा वेळा ताणून धरा, मोबाईलला अलार्म लावा. मजूर बघतील म्हणून लाजू नका, त्यांचेही गुडघे आहेत, त्यांनाही करायला लावा. आणि बागेची काळजी डोक्यात फिरत असेल तर एक दिवस बसून कागदावर लिहा, माझ्याशिवाय कोणती कामं होऊच शकत नाहीत आणि कोणती कुणाला देता येतील. बहुतेकांची पहिली यादी त्यांना वाटते त्यापेक्षा लहान निघते.

---

मिरजेचा_मुलगा | १६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

घरच्यांच्या बाजूनं लिहितो, कारण मी चुकलोय. वडील ७०, गुडघे दुखतात. मी रोज ऑफिसमधून फोन करायचो, "बाबा केला का व्यायाम? किती वेळा? मग का नाही केला?" माझ्या मते ती काळजी होती. एकदा बाबा म्हणाले, "तू फोन केलास की मला नापास झाल्यासारखं वाटतं." मला फार लागलं ते. आई याच्या बरोबर उलट, बाबा उठायच्या आधी पाण्याचा तांब्या हातात, चष्मा हातात, पेपर हातात. एकानं परीक्षा घ्यायची आणि दुसऱ्यानं उठूच द्यायचं नाही, मधल्या मध्ये बाबा खुर्चीतच.

मग आम्ही बदललो. मी आता विचारतो "आज काय जमलं?" आणि ते बोलतात ते ऐकतो, मध्ये सूचना देत नाही. आईला सांगितलं की बाबांना चष्मा हवा तर त्यांना उठू दे, तू बरोबर चाल हवं तर. रविवारी मी आणि ते दोघं चालायला जातो, व्यायामाचं नाव काढत नाही, वाटेत भडंग घेतो आणि परत येतो. आधी कोपऱ्यापर्यंत जायचो, आता २० मिनिटं होतात. शनिवारपेठ काकू, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या, तुळशीचं पाणी त्यांनी घालायचं बंद केलं तर बरं.

---

शनिवारपेठ_६३ | २४ ऑक्टोबर, रात्री ८.१५

आठ दिवस झाले, सांगते काय काय झालं.

वही घातली. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या. आधी लिहिलं होतं "कळ येईल, ७". झाली ३. दुसऱ्या दिवशी सकाळी २, म्हणजे रोजच्यासारखीच. तिसऱ्या दिवशी चार पायऱ्या, लिहिलं ६, झाली ३. आठ दिवसांचे दोन रकाने शेजारी ठेवले तर माझा अंदाज एकदाही बरोबर आलेला नाही, दर वेळी जास्त. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, स्वतःची वही अशी कधी तपासली नव्हती.

चालणं सरासरी ९ मिनिटं निघालं म्हणून ७ नं सुरुवात केली. घरापासून मोती चौकाच्या दिशेनं, साडेतीन मिनिटं झाली की जिथं असेन तिथून मागे. तिसऱ्या दिवशी छान वाटत होतं, पुढे जायचा फार मोह झाला, नाही गेले.

आणि मिरजेच्या मुला, मिस्टरांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीचा तांब्या भरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला होता आणि स्वतः पेपर घेऊन बसले होते. मी तो उचलून सहाव्या पायरीपर्यंत गेले, तिथून त्यांच्या हातात दिला.

एक कबूल करायचंय. दाराआड काठी आहे, मुलीनं आणून दिलेली, वर्ष झालं. ती घेऊन बाहेर पडायला नको वाटतं. मी पाऊस नसला तरी लांब दांड्याची छत्री घेऊन जाते, म्हणजे कुणाला काठी वाटत नाही.

---

कृष्णाकाठची | २४ ऑक्टोबर, रात्री ९.००

ताई, छत्रीचं वाचून वाटलं की मी एकटी नाही. मीही सोमवारपासून वही घातलीय. आयर्विन पुलाच्या अलीकडेपर्यंत आणि परत, ११ मिनिटं.

---

मनाचंही_बोला | २५ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

मॅडम, छत्री घेऊन का होईना बाहेर पडलात, हे मोठं आहे. काठीबद्दल एवढंच सांगते, त्याच शिफारशींमध्ये काठीचीही ठाम शिफारस आहे, आणि ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची असते. तुमच्या छत्रीचंही तसंच करा, उजवा गुडघा जास्त दुखतो ना, मग छत्री डाव्या हातात. चष्मा लावताना आपल्याला म्हातारपण आठवत नाही, अक्षर दिसतं म्हणून लावतो. काठीचं तसं व्हायला वेळ लागेल, लागू दे.

---

वाईची_लेक | २९ ऑक्टोबर, रात्री ११.५०

उशिरा लिहितेय, पण इथं एक गोष्ट यायलाच हवी. माझ्या आईचं गुडघ्यानंच सुरू झालं. मग भजनी मंडळ सुटलं. मग पहाटे तीनला जाग यायला लागली, जेवण तुटलं, टीव्हीवरच्या मालिका लावायची पण बघायची नाही. आम्ही सगळे गुडघ्यावरच उपचार करत राहिलो, तेल, पट्टे, गोळ्या, वंगणाच्या म्हणून महागड्या पुड्या. ते नैराश्य होतं हे कळायला आठ महिने गेले. मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, सांध्याच्या दुखण्याबरोबर हे पुष्कळदा येतं, साधारण पाचात एकाला. औषधं सुरू झाली, महिना-दीड महिन्यानं झोप आली आणि मग एक दिवस ती स्वतःहून म्हणाली, चल जरा घाटावर गणपतीपर्यंत जाऊन येऊ. त्या आधी आम्ही तिला दहा वेळा ओढत नेलं होतं, ती येत नव्हती आणि आम्हाला वाटायचं आळस करते. अजून वाईट वाटतं.

तर ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक गेलीय, जगून काय उपयोग असे विचार येतायत, त्यांनी व्यायामाची वही घालून वाट बघत बसू नका. टेली-मानस म्हणून सरकारची सेवा आहे, १४४१६ नंबर, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. आम्हाला तेव्हा माहीत असतं तर आठ महिने गेले नसते.

---

द्राक्षबाग_तासगाव | ३० ऑक्टोबर, पहाटे ५.००

वाईच्या ताई, नंबर लिहून घेतला. माझ्यासाठी न्हाई, चुलतभावासाठी. पर मीबी ठिवतो.

यादी केली. माझ्याबिगर होत न्हाई आसं चारच काम निघालं.

---

शनिवारपेठ_६३ | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

दिवाळी झाली. सगळ्यांनी सांगूनही शेवटी घोळ झालाच. मुलगी-जावई येणार म्हणून आदल्या दिवशी एकदम स्वयंपाकघर आणि माळा दोन्ही काढलं, चकलीला चार तास उभी. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, ७. उठताच येईना. पुन्हा तेच धस्स झालं, सगळी मेहनत पाण्यात गेली, फ्रिजवरचे कागद फाडून टाकावेत असं वाटलं. वही तीन दिवस उघडली नाही.

आता काय करू? परत ७ मिनिटांपासून?

---

फिजिओ_विश्रामबाग | ६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

बाई, याला आम्ही उसळी म्हणतो. गुडघ्याच्या झिजेत ती अधूनमधून येणारच, आणि ती ओसरतेही. लाल-गरम नाही ना, ताप नाही ना? मग हे नवीन नुकसान नाही, चार तास उभं राहिल्याचा राग आहे. दोन दिवस बर्फाचा शेक, बसल्या बसल्या पाय हलवणं चालू ठेवा, आणि घरातल्या घरात दर तासाला उठून पाण्याला जाऊन या. तिसऱ्या दिवशी निम्म्यानं, म्हणजे चार मिनिटं. आठवड्यात तुम्ही जिथं होतात तिथं याल, मागच्या वेळेपेक्षा लवकर, कारण स्नायू तोवर बरा झालेला असतो.

आणि वहीत शेवटच्या पानावर उसळीचं पान करून ठेवा. पुन्हा आली की काय काय करायचं ते आत्ताच लिहा, डोकं शांत असताना. त्या वेळी सुचत नाही.

---

मनाचंही_बोला | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

एक विचारते. "सगळी मेहनत पाण्यात गेली" असं तुमच्या वर्गातली एखादी मुलगी एका चाचणीत कमी मार्क पडल्यावर म्हणाली असती, तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं? ते वाक्य वहीत लिहा, तुमच्याच शब्दात.

---

शनिवारपेठ_६३ | ७ नोव्हेंबर, रात्री ८.००

लिहिलं. "अगं, आलेलं विसरली नाहीस तू, आजच्या दिवशी आठवलं नाही इतकंच." हे मी खरंच म्हणायचे मुलींना.

आज चार मिनिटं चालले.

---

शनिवारपेठ_६३ | १५ जानेवारी, दुपारी १.२०

काल संक्रांत झाली, आज लिहितेय. मध्ये कळवायचं राहिलं, माफ करा.

डिसेंबरमध्ये एका मैत्रिणीशी बोलले. सगळं सांगितलं, लोक बघतील वाटतं तेही, छत्रीचंही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की तिलाही वर्षभर टाच दुखतेय, आमच्या वेगानं चढवत नाही, पण चौघी आहेत म्हणून ती दमछाक करत जाते. मला हे माहीतच नव्हतं. १८ वर्षं रोज बरोबर चालत होतो आम्ही. तेव्हापासून आम्ही दोघी वेगळ्या निघतो, बाकी तिघींच्या आधी अर्धा तास.

काल आम्ही दोघी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं पहिल्या मोठ्या वळणापर्यंत गेलो. १३ मिनिटं चढायला. थंडी कडाक्याची होती, खाली गावावर धुकं. मी काठी घेतली होती, छत्री नाही, डाव्या हातात. वाटेत ओळखीचे एक सर भेटले, वर जाऊन आले होते, "अरे वा बाई, बऱ्याच दिवसांनी" एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. वळणावरच्या कठड्यावर बसलो, पिशवीतून तिळगूळ काढला. थोड्या वेळानं बाकीच्या तिघी वरून उतरत आल्या आणि आम्हाला बघून लांबूनच हाका मारायला लागल्या. पाचही जणी तिथंच रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तिळगूळ देत-घेत होतो, येणारे जाणारेही थांबून घेऊन गेले.

उतरताना जास्त दुखलं, ५ पर्यंत गेलं. आज सकाळी वहीत २. वजन ३ किलो उतरलंय, वाढलेल्या सातातले. फ्रिजवरचे दोन कागद काढले, एकच ठेवलाय, माझ्या अक्षरातला. तुळशीला पाणी मीच घालते, १४ च्या १४ पायऱ्या, कठडा धरून.

नवरात्राला अजून आठ महिने आहेत. मंगळाईला जायचं आहे, गाडीनं वरपर्यंत आणि तिथून चालत, हे मैत्रिणींना सांगून ठेवलंय.

फिजिओ मॅडम, एक शंका. उतरताना कुठला पाय आधी टाकायचा? काल दोन्ही प्रकारे करून बघितलं, नीट कळलं नाही.

---

फिजिओ_विश्रामबाग | १५ जानेवारी, दुपारी ३.१०

बाई, वाचून आनंद झाला, खूप. एका किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, म्हणजे तीन किलोचे बारा झाले.

पायऱ्या असतील तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. उतारावर लहान पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, आणि घाई असलेल्या माणसाला पुढे जाऊ द्या.

---

कृष्णाकाठची | १५ जानेवारी, रात्री ९.४५

ताई, मी येत्या सोमवारी हरिपूरला निघतेय. पूर्ण नाही, चिंचांच्या झाडांपर्यंत. वहीत अंदाज लिहून ठेवलाय, ६. मंगळवारी इथं कळवते किती झालं ते.